नांगराआधी पऱ्हाटीचं मूळ बघा

पऱ्हाट्या (वेचणी झालेली कपाशीची झाडं) उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ढीग लागला की विदर्भात ट्रॅक्टरवाल्याला फोन जातो. तो यायच्या आत त्या ढिगातली दहा-वीस झाडं हातात घेऊन मुळं बघावीत. कपाशीचं सोटमूळ सरळ खाली जायला हवं. वितभर गेल्यावर ते काटकोनात आडवं वळलेलं दिसलं, आणि बहुतेक झाडांत साधारण त्याच खोलीवर, तर तिथं माती दबून घट्ट थर झालाय. तुरीचं खुंटही हेच सांगतं.

वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगर किंवा रोटाव्हेटर चालला की त्याच्या तळाशी असा थर बसतो. त्यात परतीच्या पावसानं रान ओलं असताना सोयाबीनमध्ये हार्वेस्टर घातला की आणखी भर. ओल्या मातीचे कण सहज सरकतात आणि हवा-पाणी खेळवणाऱ्या मोठ्या पोकळ्या चेपल्या जातात. रुंद टायरनं वरची माती वाचते. खोलवरचा दाब मात्र मुख्यतः यंत्राच्या एकेका आसावर (अ‍ॅक्सलवर) येणाऱ्या वजनावर ठरतो.

सब्बल किंवा सळई खुपसून बघणारेही आहेत, पण मे महिन्यात त्याला अर्थ नाही. वाळलेली काळी माती सगळीकडेच दगड असते. ही परीक्षा वाफशावर, चांगला पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवसांनी घ्यायची. पेनेट्रोमीटर (माती किती घट्ट आहे ते मोजणारी सळई) मिळाला तर त्यावर 2 मेगापास्कलच्या (सुमारे 300 पीएसआय) पुढं मुळांची वाढ फार मंदावते. नसेल तर दीड फुटाचा खड्डा करून बाजूची माती चाकूनं उकरा. निरोगी माती बारीक खड्यांत सुटते. दबलेली आडव्या पापुद्र्यांत निघते, आणि मुळं त्या पापुद्र्यांमध्ये चपटी होऊन पसरलेली सापडतात. तसाच एक खड्डा धुऱ्यालगत, चाक न फिरलेल्या जागी केला की फरक लगेच कळतो.

थर सापडला म्हणून सगळं रान खोल नांगरायची गरज नाही. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी आपली माती काही अंशी स्वतःच मोकळी होते. ट्रॅक्टर वळतो त्या कडेच्या पट्ट्यात बहुधा जास्त दाब असतो. सबसॉयलर (माती न उलटता खालचा थर फोडणारा खोल फाळ) तिथंच, थराच्या जरासा खाली आणि माती कोरडी असताना चालवावा. ओलीत तो नुसती चीर पाडतो, थर फुटत नाही.

पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात, मात्र वेगळंच असू शकतं. तिथल्या खालच्या मातीत सोडियममुळे कण विखुरतात, पाणी मुरत नाही आणि वाळली की ती कडक होते. त्यावर नुसता नांगर चालवून भागत नाही. माती तपासून जिप्सम द्यावं लागतं आणि पाण्याचा निचराही करावा लागतो.