निळ्या नक्षीवर जाऊ नका, तुटलेली कड बघा

मध्ययुगीन बंदराच्या उत्खननात एखाद्या थरातून पांढऱ्यावर निळी नक्षी असलेलं खापर निघालं, की तोंडात पहिला शब्द येतो ‘चिनी’. वहीतही तेच उतरतं आणि इराणात घडलेला वाडगा चीनच्या खात्यात जमा होतो. ही चूक मला फार लागते, कारण पुढे व्यापाराचे सगळे अंदाज त्याच वहीवरून बांधले जातात.

नक्षी फसवते, त्याला कारण आहे. चौदाव्या शतकात निळा रंग देणारा इराणचा कोबाल्ट चीनमधल्या जिंगदेझेन या भांडी घडवणाऱ्या शहराला जात होता आणि इराणी कुंभार चिनी नक्षी गिरवत होते. म्हणून निळ्या रंगावरून काही ठरवू नये.

खापराची तुटलेली कड मऊ ब्रशनं साफ करा आणि दहापट भिंगाखाली धरा. चिनी पोर्सेलीन म्हणजे केओलिन ही पांढरी माती आणि दगडाची पूड, सुमारे १३०० अंश सेल्सिअसवर भाजलेली. तिची कड काचेसारखी घट्ट, गुळगुळीत असते आणि झिलई कुठे संपते ते चटकन सांगता येत नाही. इराणी फ्रिटवेअरची, म्हणजे मुख्यतः गारगोटीच्या पुडीपासून केलेल्या भांड्यांची, गोष्टच वेगळी. इराणमधल्या काशानच्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमनं १३०१ मध्ये तिची कृती लिहून ठेवली: दहा भाग गारगोटीची पूड, एक भाग काचेची भुकटी, एक भाग पांढरी माती. मातीच इतकी कमी, म्हणून कड साखरेच्या खड्यासारखी दाणेदार दिसते. झिलईचा थर वेगळा कळतो, कुठे पापुद्रा सुटलेला असतो, तर जमिनीत राहून कधी इंद्रधनुषी झाक आलेली असते. कडेवर पाण्याचा थेंब ठेवला तर फ्रिटवेअर तो पिऊन टाकतं, पोर्सेलीनवर तो तसाच राहतो. फक्त कमी भाजलेलं पोर्सेलीनही थोडं पाणी ओढतं, तेव्हा एकट्या थेंबावर विसंबू नका.

नोंदवताना आधी दिसतं ते लिहा, नाव नंतर: ‘अंग पांढरं, दाणेदार, झिलई कडेला सुटलेली’. नाव उद्या बदलेल, वर्णन कामाला येईल. भांड्याच्या तोंडाच्या काठाचा तुकडा असेल तर वेगवेगळ्या व्यासांची वर्तुळं आखलेल्या तक्त्यावर ठेवून व्यास आणि काठाचा किती टक्के भाग उरलाय ते टिपा. नगांसोबत वजनही घ्याच. फ्रिटवेअर ठिसूळ, एका वाडग्याचे ढीगभर तुकडे होतात. नुसते नग मोजले तर ते उगाच जास्त भासतं.

दोन्हीत बसत नाही असं खापर आलं तर नावापुढे प्रश्नचिन्ह टाका आणि थराचा क्रमांक लिहून वेगळ्या पिशवीत ठेवा.