बरोबर उत्तर ओळखण्याचे गणित

ऑनलाइन चाचणीत गणिताचे प्रश्न बहुधा चार पर्यायांचे असतात, आणि त्यामागे अध्यापनाच्या विचारापेक्षा संगणकाची सोय अधिक असते. निवडलेला पर्याय ताडून पाहणे यंत्राला सोपे जाते. पण विद्यार्थ्याने रिकाम्या चौकटीत स्वतःचे उत्तर लिहिले, तर ते तपासणाऱ्याला गणित यावे लागते. अपेक्षित उत्तर '(क्ष + १)²' असताना कोणी 'क्ष² + २क्ष + १' लिहिले, तर केवळ अक्षरे जुळवणारे वेबपान ते चूक ठरवील.

ही अडचण दूर करण्यासाठी क्रिस सँग्विन यांनी ब्रिटनमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात 'स्टॅक' ही मुक्त प्रणाली विकसित केली. मूडलसारख्या शिक्षण-प्रणालीत ती जोडता येते. गंमत अशी, की स्टॅक स्वतः गणित करत नाही. ते काम ती सर्व्हरवरील 'मॅक्सिमा' या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे सोपवते. मॅक्सिमाचे मूळ अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत १९६८ साली सुरू झालेल्या एका प्रकल्पात आहे. ते लिस्प या संगणकीय भाषेत लिहिलेले असून, आकड्यांप्रमाणेच अक्षरांचीही बेरीज-वजाबाकी करते, अवयव पाडते, विकलन (डिफरन्शिएशन) आणि संकलन (इंटिग्रेशन) करते.

विद्यार्थी आणि यंत्र यांच्यातला संवाद मात्र दिसतो तितका सरळ नाही. कागदावर 'क्ष' आणि 'य' शेजारी लिहिले की तो गुणाकार, हे शाळेत शिकलेल्या कोणालाही कळते. यंत्रापुढे मात्र तो गुणाकार आहे की दोन अक्षरी नावाची एकच चलराशी, हा प्रश्न उभा राहतो. (मराठीत तर तो थेट 'क्षय' होतो!) त्यामुळे गुणाकाराचे चिन्ह विद्यार्थ्याने स्वतः द्यायचे की प्रणालीने गृहीत धरायचे, हे प्रत्येक प्रश्नासाठी शिक्षकाला ठरवता येते. शिवाय गुण देण्याआधी स्टॅक विद्यार्थ्याचे उत्तर आपल्याला जसे समजले तसे, नीटस गणिती मांडणीत त्याला परत दाखवते. कंस विसरल्याने मार्क जाणे आणि गणित न आल्याने मार्क जाणे यांत फरक करणारी ही पायरी मला या प्रणालीतील सर्वांत शहाणपणाची वाटते.

त्यानंतर खरी तपासणी होते. दोन राशी समान आहेत का, हे पाहण्यासाठी मॅक्सिमा एकीतून दुसरी वजा करून बाकीला शक्य तितके सोपे रूप देते. शून्य उरले तर उत्तर मान्य होते. ही युक्ती शालेय बीजगणितात उत्तम चालते, पण तिला मर्यादा आहे. घातांकी आणि त्रिकोणमितीय फलने व केवल मूल्य यांच्या मोकळ्या मिश्रणातून तयार होणारी कोणतीही राशी सर्वत्र शून्य आहे का, हे हमखास ठरवणारी रीत असूच शकत नाही, असे गणितज्ञ डॅनियल रिचर्डसन यांनी सिद्ध केले, तेही योगायोगाने १९६८ मध्येच.

आणि समानता हीच नेहमी बरोबर कसोटी असते असेही नाही. 'अवयव पाडा' या प्रश्नाला दिलेली राशीच उत्तर म्हणून उतरवून काढली, तर वजाबाकी शून्यच येईल. तिथे उत्तराचे रूप तपासावे लागते. संकलनात नेमके उलटे घडते. साइन क्ष आणि कोसाइन क्ष यांच्या गुणाकाराचे संकलन एकाने 'साइन² क्ष भागिले २' असे काढले आणि दुसरीने 'उणे कोसाइन² क्ष भागिले २' असे काढले, तर वजाबाकी अर्धा येते, तरीही संकलनाचा स्थिरांक जोडला की दोन्ही उत्तरे बरोबर असतात. म्हणून तेथे विद्यार्थ्याच्या उत्तराचे विकलन करून मूळ राशी परत मिळते का, हे पाहतात. अशा कसोट्या शिक्षक झाडाच्या फांद्यांसारख्या एकीपुढे एक जोडतो आणि प्रत्येक फांदीवर त्या चुकीला साजेसा शेरा लिहून ठेवतो.

उत्तराची ती चौकट म्हणजे सर्व्हरवरील एका समर्थ सॉफ्टवेअरचे दारही आहे. मॅक्सिमाला संगणकाच्या मूळ प्रणालीला आज्ञा देता येतात, म्हणून विद्यार्थ्याने लिहिलेला मजकूर आधी गाळून घेतला जातो आणि परवानगी असलेली फलनेच पुढे जातात. एखाद्याने खोडसाळपणे अवाढव्य संख्येचे क्रमगुणित (एकपासून त्या संख्येपर्यंतच्या सर्व पूर्णांकांचा गुणाकार) मागितले, तर ठरलेला वेळ संपताच हिशेब तिथेच थांबवला जातो.