डिझेलमध्ये खाद्यतेल: पातळ झालं म्हणजे काम झालं का?

जुन्या डिझेल गाडीच्या टाकीत थोडं खाद्यतेल ओतायचं, वर डिझेल भरायचं आणि गाडी सुरू करून दाखवायची. असे व्हिडिओ पुन्हा पुन्हा फिरत असतात. गाडी सुरू होते, धूर थोडा वेगळ्या वासाचा येतो, आणि बघणाऱ्याची खात्री पटते. सोबत एक गोष्टही सांगितली जाते: रुडॉल्फ डिझेलने आपलं इंजिन मुळात शेंगदाणा तेलासाठीच बनवलं होतं आणि तेल कंपन्यांनी हे जगापासून लपवून ठेवलं.

या गोष्टीतला खरा भाग फार सुंदर आहे. सन 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात ‘ऑटो’ (Otto) नावाच्या कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं. पण स्वतः डिझेलनेच पुढे लिहून ठेवलं आहे की ते इंजिन खनिज तेलासाठी बांधलेलं होतं आणि काहीही फेरफार न करता वनस्पती तेलावर चाललं. त्यात लपवाछपवी काही नाही. त्या काळच्या इंजिनांत इंधन दाबाच्या हवेच्या झोतासोबत सिलिंडरमध्ये फेकलं जाई. हवेचा झोत दाट तेलाचेही बारीक थेंब करतो. शिवाय ती इंजिनं अगदी संथ फिरत, त्यामुळे थेंबाला जळायला भरपूर वेळ मिळे. आजच्या जुन्यात जुन्या गाडीतही हवेचा तो झोत नाही आणि तेवढा वेळही नाही.

तेल मिसळणारे लोक एक अडचण बरोबर ओळखतात, ती म्हणजे दाटपणा. दाटपणाच्या मापाला श्यानता म्हणतात आणि ती सेंटिस्टोक या एककात मोजतात. 40 अंश सेल्सिअसला डिझेलची श्यानता सुमारे 3 सेंटिस्टोक असते. सूर्यफूल, सोयाबीन, रेपसीड या तेलांची 30 ते 37 च्या आसपास, म्हणजे दहापटीहून जास्त. दाट द्रव इंधन फवारणाऱ्या तोटीच्या, म्हणजे नोझलच्या, भोकातून नीट फुटत नाही, थेंब मोठे पडतात. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की त्याची वाफ व्हायला लागणारा वेळ चौपट होतो, कारण हा वेळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. मिनिटाला 3000 फेऱ्या घेणाऱ्या इंजिनात एक फेरी 20 मिलिसेकंदांत संपते आणि त्यातले जेमतेम तीन-चार मिलिसेकंद जळण्यासाठी मिळतात.

यावर उपाय म्हणून डिझेल मिसळलं जातं. इथे गणित तेल मिसळणाऱ्यांच्या बाजूने आहे. मिश्रणाचा दाटपणा त्रैराशिकाने निघत नाही, तो लॉगरिदमच्या हिशेबाने चालतो. 35 चं तेल 20 टक्के आणि 3 चं डिझेल 80 टक्के घेतलं तर त्रैराशिकाने उत्तर साडेनऊच्या आसपास यायला हवं. प्रत्यक्षात ते साधारण 5 येतं. डिझेलच्या नेहमीच्या मानकात 4.5 पर्यंत मुभा असते, म्हणजे आपण अगदी दारापर्यंत पोचलो. गाडी कुरकुर न करता चालते ती म्हणूनच.

आणि नेमकी इथेच फसगत होते. दाटपणा घटला, पण तेलाचे रेणू होते तसेच राहिले.

डिझेल म्हणजे दहा ते बावीस कार्बन असलेल्या हायड्रोकार्बनांचं मिश्रण. त्याचा बहुतेक भाग 180 ते 360 अंशांच्या दरम्यान वाफ होऊन जातो. वनस्पती तेलाचा रेणू वेगळ्या घडणीचा असतो. ग्लिसरीनचा छोटा कणा आणि त्याला जोडलेल्या तीन लांब मेदाम्लांच्या साखळ्या, याला ट्रायग्लिसराइड म्हणतात. त्याचं रेणुवस्तुमान 880 च्या आसपास, डिझेलच्या सरासरी रेणूच्या चौपट. हा रेणू नेहमीच्या दाबाला उकळतच नाही. तापवत गेलं की उकळण्याआधीच तो तुटतो.

आता मिश्रणाचा एक थेंब गरम सिलिंडरमध्ये शिरला की काय होतं ते बघा. आधी डिझेलची वाफ होते, तेल मागे उरतं. थेंब आकसत जातो तसं त्यातलं तेलाचं प्रमाण वाढत जातं, आणि शेवटी उरलेला थेंब जवळजवळ शुद्ध तेलाचा असतो. टाकीत 20 टक्के मोजलं तरी त्या शेवटच्या क्षणी मिश्रण उरलेलंच नसतं. इंजिन तापलेलं असेल, त्यावर चांगला भार असेल, तर हा थेंबही जळून जातो. इंजिन थंड असेल किंवा गाडी नुसती उभी राहून चालू असेल, तर तो न जळता सिलिंडरच्या भिंतीवर, नोझलच्या टोकावर, पिस्टनच्या रिंगांच्या खाचेत जाऊन बसतो.

तिथे जे रसायनशास्त्र सुरू होतं, ते मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटतं.

मेदाम्लाच्या साखळीत काही ठिकाणी दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध असतो. ओलेइक आम्लात असा एक बंध, लिनोलेइकमध्ये दोन, लिनोलेनिकमध्ये तीन. दोन दुहेरी बंधांच्या मधोमध एक कार्बन अडकलेला असतो, आणि त्याच्यावरचे हायड्रोजन अगदी सैल धरलेले असतात. उष्णतेने त्यातला एक हायड्रोजन निसटला की कार्बनकडे एक एकटा इलेक्ट्रॉन उरतो. याला मुक्त मूलक म्हणतात. हवेतला ऑक्सिजन त्याला लगेच चिकटतो. हा नवा ऑक्सिजनधारी मूलक शेजारच्या साखळीचा सैल हायड्रोजन ओढून घेतो, म्हणजे आता शेजारी मूलक झाला. असं एकातून दुसरं सुरूच राहतं. मध्येच दोन मूलक एकमेकांना भेटले तर त्यांच्यात कायमचा बंध तयार होतो. दोन रेणूंचा एक, मग चारांचा एक. एकेका ट्रायग्लिसराइडला तीन साखळ्या असल्यामुळे ही जोडणी तिन्ही दिशांनी होते, आणि द्रवाचं जाळं बनतं. हेच बहुवारिकीकरण. ओलेइकमध्ये अशी मधली जागाच नाही, लिनोलेइकमध्ये एक आहे, लिनोलेनिकमध्ये दोन. म्हणून ऑक्सिजन शोषण्याचा त्यांचा वेग ढोबळमानाने 1, 40 आणि 100 या प्रमाणात असतो. कढईच्या बाहेरच्या बाजूला बसलेला, घासून न निघणारा तपकिरी थर याच क्रियेने तयार होतो. जवसाच्या तेलाचा रंग आणि व्हार्निश वाळतो तोही असाच, पाणी उडून जाऊन नव्हे.

रिंगांच्या खाचेत तापमान 200 अंशांच्या घरात असतं आणि हवाही मिळते, त्यामुळे व्हार्निश तयार व्हायला याहून सोयीची जागा नाही. रिंग खाचेत जाम होते, दाब गळतो, आणि न जळलेलं तेल आणखी खाली, इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलमध्ये चुकून डिझेल गेलं तर त्याचा काही भाग तरी उष्णतेने उडून जातो. ट्रायग्लिसराइड उडत नाही, तिथेच साचतं, ऑइलमधली संरक्षक द्रव्यं संपवतं आणि मग तिथेही जाळं विणायला लागतं. अशा इंजिनाचं ऑइल मुरंब्यासारखं घट्ट झाल्याची उदाहरणं 1980 च्या दशकातल्या संशोधनात नोंदलेली आहेत. 1982 साली अमेरिकेत फार्गो इथे वनस्पती तेलांच्या इंधनावर आंतरराष्ट्रीय परिषदच भरली होती. त्या काळच्या चाचण्यांचं चित्र एकसारखं आहे: थोड्या तासांच्या चाचणीत इंजिन उत्तम चालतं, शक्ती किंचित कमी पडते, शेकडो तासांच्या चाचणीत नोझलवर कार्बन, जाम रिंगा आणि घट्ट झालेलं ऑइल. म्हणूनच पर्यायी इंधनासाठी इंजिन उत्पादकांनी 200 तासांची चाचणी ठरवली. पाच मिनिटांचा व्हिडिओ यातलं काहीच दाखवू शकत नाही.

मग दुहेरी बंध नसलेलं तेल का घेऊ नये? दुहेरी बंधांचं प्रमाण आयोडीन अंकाने मोजतात. खोबरेलाचा अंक सुमारे 10, पाम तेलाचा 50, सूर्यफूल आणि सोयाबीनचा 130 च्या आसपास, जवसाचा 180 च्या घरात. खोबरेल या कसोटीवर झकास आहे, पण ते 24 अंशांच्या आसपासच गोठतं. दुहेरी बंधामुळे साखळीला बाक येतो, वाकड्या साखळ्या एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत, म्हणून तेल द्रव राहतं. बाक काढला तर साखळ्या रचल्या जातात आणि फिल्टरमध्ये मेणासारखा गोळा बसतो. ज्या बंधामुळे तेल वाहतं त्याच बंधामुळे ते वाळतं. ही अडचण कुठल्याही बाटलीतल्या ‘जादुई’ मिश्रणाने सुटत नाही. तशी बाटली विकणाऱ्याला आयोडीन अंक विचारून बघा.

तळणाचं वापरलेलं तेल तर आधीच या वाटेवर निघालेलं असतं. बारीक फिल्टरमधून गाळल्यावर ते स्वच्छ दिसतं, पण त्यात विरघळलेली आम्लं आणि आधीच जोडले गेलेले रेणू गाळणीत अडकत नाहीत. तांबं आणि लोखंड ही साखळी प्रक्रिया वेगवान करतात, म्हणून तेल गरम करण्यासाठी टाकीत तांब्याची नळी बसवणं ही मोठीच चूक.

जुन्या गाड्यांना हे सगळं थोडं जास्त सोसतं, त्याला कारण आहे. त्यांतल्या अनेकांत इंधन थेट सिलिंडरमध्ये न जाता आधी एका छोट्या गरम कोठडीत जळायला लागतं. तिथे भिंती तापलेल्या असतात आणि हवा घुसळलेली असते, त्यामुळे थेंब भिंतीवर बसण्याआधी जळण्याची शक्यता वाढते. त्यातही नोझलकडे इंधन ढकलणारा पंप कोणता हे बघावं लागतं. प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा दट्ट्या असलेला रांगेतला पंप बहुधा इंजिन ऑइलमधून वंगण घेतो. सगळ्या सिलिंडरना आळीपाळीने इंधन वाटणारा फिरता वितरक पंप मात्र इंधनातूनच वंगण घेतो, आणि थंडीत दाट तेलाने त्याच्यावर फार ताण येतो. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत, आणि कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना एकाच सामाईक नळीतून खूप जास्त दाबाचं इंधन देणाऱ्या) नव्या गाड्यांत तर नक्कीच, हा प्रयोग करू नये.

ज्यांना वनस्पती तेलच वापरायचं आहे, ते दोन टाक्या बसवतात: सुरुवात डिझेलवर, इंजिन तापल्यावर 70-80 अंशांपर्यंत गरम केलेलं तेल, आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेल. यात थंड इंजिनात तेल जातच नाही, म्हणून ही रीत नुसत्या मिसळण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाची आहे. इंजिन ऑइल मात्र तिथेही लवकर बदलावं लागतं.

याहून चांगला मार्ग म्हणजे रेणूच तोडणं. तेलात मिथेनॉल आणि थोडा अल्कली उत्प्रेरक घातला की ग्लिसरीनचा कणा सुटतो आणि तिन्ही साखळ्या वेगळ्या होतात. 100 किलो तेलाला साधारण 11 किलो मिथेनॉल लागतं आणि जवळपास 100 किलो बायोडिझेल मिळतं. बेल्जियममध्ये 1937 सालीच या पद्धतीचं पेटंट घेतलं गेलं होतं. रेणू एक तृतीयांश झाला, श्यानता 4-5 वर आली, आणि आता तो न तुटता वाफ होऊ शकतो. एकाच घावात दोन अडचणी सुटल्या. दुहेरी बंध तेवढे जिथल्या तिथे राहतात, त्यामुळे साठवलेलं बायोडिझेलही हळूहळू ऑक्सिजन शोषतं. म्हणून युरोपीय मानकात ते 110 अंशांवर, त्यातून हवा सोडत, 8 तास टिकवून दाखवावं लागतं, आणि त्यासाठी बहुतेक वेळा त्यात ऑक्सिडीकरण रोखणारं द्रव्य घालतात.