महास्फोटाला पर्यायी विश्वसिद्धांत

सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वी विश्व अतितप्त, अतिघन स्थितीत होते आणि तेव्हापासून ते प्रसरण पावत आहे, असे महास्फोट सिद्धांत सांगतो. त्याला दिलेले पर्याय दोन प्रकारचे आहेत. काही सिद्धांत हा तप्त भूतकाळच नाकारतात. काही तो मान्य करतात, पण त्याला आरंभ मानत नाहीत. हे दोन प्रकार एकत्र करून वाद घालणे चुकीचे आहे.

पहिल्या प्रकारातला सर्वांत भक्कम सिद्धांत म्हणजे फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये मांडलेला स्थिर स्थिती सिद्धांत. त्यामागे खरीखुरी अडचण होती. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी केलेल्या दीर्घिकांच्या मापनांवरून तेव्हा विश्वाचे वय जेमतेम दोन अब्ज वर्षे निघे आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने ठरत होते. म्हणजे आईपेक्षा लेकच थोरली! या तिघांनी आरंभच काढून टाकला. दीर्घिका एकमेकींपासून दूर जातात तशी मधल्या पोकळीत नवी द्रव्यनिर्मिती होते आणि घनता कायम राहते, असे त्यांनी मांडले. त्यासाठी लागणारा निर्मितीचा वेग अगदी किरकोळ आहे: एक घनमीटर जागेत अब्ज वर्षांत साधारण एक हायड्रोजन अणू. कोणत्याही प्रयोगशाळेत तो पकडता येणार नाही.

तरीही सिद्धांत तपासण्याजोगा होता, आणि हेच त्याचे मोठेपण. दूरचे, म्हणजेच भूतकाळातले, विश्व आजच्यासारखेच दिसले पाहिजे, असे तो ठामपणे सांगत होता. रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राईल यांच्या गणनेत मात्र अंधुक, म्हणजे दूरचे, रेडिओस्रोत अपेक्षेपेक्षा फार जास्त भरले. मग १९६५ मध्ये पेंझियास आणि विल्सन यांनी आपल्या शिंगाकृती अँटेनात येणारी सततची खरखर जाहीर केली. त्यांनी आतली कबुतरांची विष्ठासुद्धा साफ करून पाहिली होती. खरखर गेली नाही. ते निरपेक्ष शून्याच्या जेमतेम तीन अंश वरचे, सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मतरंग प्रारण होते. यालाच पार्श्वभूमी प्रारण म्हणतात; तप्त आरंभाचा तो अवशेष मानला जातो.

हॉईल यांची बाजू पडली, पण काम वाया गेले नाही. जड मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात घडतात, हे बर्बिज दांपत्य, फाउलर आणि हॉईल यांनी १९५७ मध्ये सविस्तर दाखवले आणि ते आजही मान्य आहे. वस्तुमानाने सुमारे एक चतुर्थांश असलेल्या हीलियमचा हिशेब मात्र ताऱ्यांतून लागत नाही; त्यासाठी तप्त आरंभच लागतो.

हॉईल, जेफ्री बर्बिज आणि जयंत नारळीकर यांनी १९९३ मध्ये अर्ध-स्थिर स्थितीचे प्रारूप मांडले. त्यात विश्व दीर्घकालीन प्रसरणाबरोबरच सुमारे ५० अब्ज वर्षांच्या आवर्तनांत आकुंचन-प्रसरण पावते, आणि लोखंडाच्या सूक्ष्म सुया ताऱ्यांचा प्रकाश शोषून त्याचे सूक्ष्मतरंगांत रूपांतर करतात. कल्पना धाडसी होती. पण पार्श्वभूमी प्रारणाचा काटेकोर वर्णपट आणि त्यातले बारीक चढउतार महास्फोटाच्या प्रारूपात जितक्या सहज बसतात तितके इथे बसत नाहीत, त्यामुळे बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही.

फ्रिट्झ झ्विकी यांची ‘थकलेल्या प्रकाशा’ची कल्पना (१९२९) याहून कच्ची ठरली. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश लाल रंगाकडे सरकलेला दिसतो (ताम्रसृती), तो प्रसरणामुळे नव्हे, तर प्रवासात प्रकाशाची ऊर्जा नुसती घटल्यामुळे असेल, तर दूरच्या ताऱ्याच्या स्फोटाचा (सुपरनोव्हाचा) कालावधी लांबायला नको. प्रत्यक्षात तो लांबलेला दिसतो: ताम्रसृती १ असलेला स्फोट दुप्पट सावकाश मावळतो.

दुसऱ्या प्रकारावर आजही काम चालू आहे. पॉल स्टाइनहार्ट आणि नील ट्युरॉक यांच्या चक्रीय प्रारूपात (२००२) महास्फोट हा आधीच्या आकुंचनानंतरचा टप्पा आहे. रॉजर पेनरोज एका कल्पाच्या अतिदूर भविष्यालाच पुढच्या कल्पाचा आरंभ मानतात. चक्रीय प्रारूपाची कसोटी स्पष्ट आहे: आद्य गुरुत्वीय तरंगांचा (विश्वारंभीच्या अवकाश-काळातील लहरींचा) ठळक ठसा पार्श्वभूमी प्रारणाच्या ध्रुवणात, म्हणजे त्याच्या कंपनांच्या दिशेत, सापडला, तर ते बाद होईल. असा ठसा अद्याप सापडलेला नाही.