मनगट निर्दोष आहे: तिरक्या जमिनीवरच्या गोल्फ फटक्याची भूमिती

मास्टर्स स्पर्धेचा शेवटचा दिवस आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेचारच्या सुमारास संपतो. एप्रिलमधली ती एक रात्र मी जागून काढतो. यंदा सोबत एक मित्र होता. ऑगस्टा नॅशनल मैदानाच्या तेराव्या होलवर (अठरा टप्प्यांतला तेरावा) एका खेळाडूचा दुसरा फटका डावीकडे भरकटला, तसा मित्र म्हणाला, "मनगट फिरवलं त्यानं. एवढ्या सपाट गवतावरून चुकतो म्हणजे काय!"

तिथं सपाट असं काही नव्हतंच. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं हे मैदान चांगलंच चढउताराचं आहे. दहाव्या होलवर टीपासून (पहिला फटका मारायची जागा) ग्रीनपर्यंत (झेंड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) जमीन सुमारे १०० फूट खाली उतरते, म्हणजे जवळजवळ दहा मजली इमारतीइतकी. पण लांब पल्ल्याचं भिंग खोली चेपून टाकतं आणि पडद्यावर सगळं हिरवंगार, सपाट दिसतं. तेराव्या होलचा फेअरवे, म्हणजे टी आणि ग्रीन यांमधला कापलेल्या गवताचा पट्टा, उजवीकडून डावीकडे, ओढ्याच्या बाजूला कलतो. उजव्या हातानं खेळणाऱ्याचं तोंड चढाकडे येतं आणि चेंडू त्याच्या पावलांपेक्षा उंचावर बसतो. अशा जागेवरून चेंडू डावीकडे जातो, हे कुठलाही कॅडी, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारा सोबती, सांगेल: "सर, बॉल पायाच्या वर आहे, झेंड्याच्या उजवीकडे धरा." का जातो, ते मात्र फार थोडे जण सांगतात. मला या खेळातली सगळ्यात देखणी गोष्ट तीच वाटते.

जाड पुठ्ठ्याची एक वही घ्या. तिची खालची कड टेबलावर टेकवून वही थोडी मागे कलती धरा. हे झालं क्लबचं, म्हणजे गोल्फच्या काठीचं पातं, आणि त्याचा मागचा कल म्हणजे लॉफ्ट. आता पुठ्ठ्याला काटकोनात एक पेन्सिल चिकटवा. तिचं टोक समोर आणि थोडं वर बघेल. मग टेबलाच्या उजव्या पायांखाली दोन-दोन पुस्तकं सरकवा. वहीची कड टेबलाला टेकलेलीच राहू द्या, हात अजिबात वळवू नका. पेन्सिलीचं टोक डावीकडे वळलेलं दिसेल. तुम्ही काहीच फिरवलेलं नाही. पेन्सिल जेवढी "वर" बघत होती, त्यातला थोडा भाग जमीन तिरकी झाल्यामुळे "डावीकडे" झाला, एवढंच.

आता वही जवळजवळ उभी धरून हाच प्रयोग करा. टोक फारसं वळणार नाही, कारण वर बघणारा भागच कमी आहे. म्हणजे दोष उताराचा एकट्याचा नाही. उतार आणि लॉफ्ट यांचा गुणाकार होतो. शाळेतलं त्रिकोणमितीचं पुस्तक आठवत असेल तर सूत्र सोपं आहे: लॉफ्टचा टॅन गुणिले उताराचा साइन, म्हणजे वळलेल्या कोनाचा टॅन. उतार १० अंशांचा धरू. २२ अंश लॉफ्टचा चार नंबरचा आयर्न, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, सुमारे ४ अंश डावीकडे बघतो. ४६ अंशांचा पिचिंग वेज, म्हणजे जवळच्या फटक्याचा छोटा क्लब, चक्क १० अंश! झेंडा १०० मीटरवर असेल तर त्या वेजचं तोंड झेंड्याच्या १८ मीटर डावीकडे लागलेलं असतं. छोटा क्लब हातात आला की आपण निर्धास्त होतो. तिरक्या जमिनीवर नेमका तोच जास्त वळतो.

चेंडू पात्याच्या रोखानं तंतोतंत सुटत नाही, कारण पात्याचा वेगही त्याला पुढे रेटत असतो. क्लबच्या गतीची दिशा आणि पात्याला काटकोनातली दिशा, या दोन रेषांमधून एक प्रतल जातं. नेब्रास्का विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर जॉर्गेन्सन यांनी त्याला 'डी-प्लेन' म्हटलं. चेंडू याच प्रतलात सुटतो आणि त्याच्या फिरकीचा अक्ष प्रतलाला काटकोनात असतो. सपाट जमिनीवरच्या सरळ फटक्यात हे प्रतल उभं असतं. १० अंशांच्या उतारावर तेही १० अंश कलतं. बॅकस्पिनमुळे, म्हणजे चेंडूच्या उलट्या फिरकीमुळे, चेंडूला हवेत उचलणारं मॅग्नस बल आता सरळ वर न लागता कलत्या दिशेनं लागतं आणि त्याचा सुमारे १७ टक्के हिस्सा चेंडूला आडवा ओढत राहतो. म्हणून चेंडू सुटतोही डावीकडे आणि हवेत आणखी डावीकडे वळतो. मनगट दोन्ही वेळा निर्दोष.

फिल मिकलसन आणि बब्बा वॉटसन हे डावखुरे. त्याच फेअरवेवर त्यांचं तोंड उताराकडे असतं, चेंडू पावलांच्या खाली येतो आणि पातं डावीकडे वळण्याचं कारण नाही असं वाटतं. पण वही पुन्हा हातात घ्या. जमीन तीच, कल तोच, म्हणून त्यांचंही पातं डावीकडेच बघतं!

ऑगस्टाबद्दल एक समजूत हौसेनं सांगितली जाते: ग्रीनवरचा प्रत्येक 'पट' (छिद्राकडे घरंगळत मारलेला फटका) 'रेज क्रीक' या ओढ्याकडे ओढला जातो. पाण्यात चेंडूला ओढणारी कसलीही शक्ती नाही. पाणी सखल भागातून वाहतं, भोवतालची जमीन त्या दिशेनं उतरते आणि चेंडूही उताराचंच ऐकतो. तेवढं सोडून त्यात गूढ शोधू नये.

आडव्या उताराऐवजी जमीन झेंड्याच्या दिशेनं चढत असेल, तर तो चढावरचा फटका त्यामानानं सोपा. चढ लॉफ्टमध्ये मिळतो, चेंडू उंच जातो आणि कमी अंतर कापतो, म्हणून एक-दोन पायऱ्या लांब पल्ल्याचा क्लब घ्यायचा. उतरणीवर खरा कस लागतो. स्विंगच्या वर्तुळाचा तळ चेंडूच्या मागे राहिला, तर तिथली उंच जमीन आधी आडवी येते आणि क्लब मातीत घुसतो. त्यासाठी खांदे उताराला समांतर ठेवतात, म्हणजे सगळं वर्तुळच जमिनीबरोबर कलतं. गुरुत्वाकर्षण मात्र कलत नाही. १० अंशांच्या उतरणीवर ७० किलोच्या माणसाला सुमारे १२ किलो वजनाइतकं बल खाली ओढत असतं. फटका संपता संपता मागचा पाय आपोआप उचलला जातो आणि एक पाऊल उताराच्या दिशेनं पुढं पडतं. तोल गेला म्हणून ते आवरायला जाऊ नका, पडू द्या.