बीआरसीए जनुकांचे पेटंट गेले, विदा मात्र कुलूपबंद

काही घराण्यांत स्तनाचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या येतो, हे एका फ्रेंच शल्यविशारदाने १८६६ मध्येच पत्नीच्या वंशावळीवरून नोंदवले होते. पुरावा मिळायला मात्र १९९० उजाडले. अमेरिकेतील एका गटाने २३ कुटुंबे तपासली. ज्या घरांत रोग तरुणपणीच गाठत होता, तिथे सतराव्या गुणसूत्रावरचा एक मार्कर, म्हणजे डीएनएवरची ओळखखूण, रोगाबरोबरच खालच्या पिढीत उतरत होता. मार्कर म्हणजे दोषी जनुक नव्हे. गल्ली कळली होती, घर शोधायचे होते. १९९४ मध्ये बीआरसीए-१ हे जनुक सापडले आणि पुढच्याच वर्षी तेराव्या गुणसूत्रावरचे बीआरसीए-२. यांत दोष असला की स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

खरा वाद त्यानंतरचा. एका अमेरिकी कंपनीने दोन्ही जनुकांवर पेटंट घेतले आणि अमेरिकेत त्यांतले दोष शोधणारी चाचणी जवळपास तिचीच मक्तेदारी झाली. दर तीन हजार डॉलरच्या वर गेला. निकालाबद्दल शंका आली तरी दुसऱ्या प्रयोगशाळेकडून खात्री करून घेणे अवघड. २००९ मध्ये रुग्ण, डॉक्टर आणि संशोधक कोर्टात गेले. १३ जून २०१३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की शरीरातला डीएनए नुसता वेगळा काढला म्हणून तो शोध ठरत नाही. प्रयोगशाळेत आरएनएवरून (पेशीत डीएनएवरून बनणाऱ्या नकलेवरून) तयार केलेल्या पूरक डीएनएला मात्र पेटंट मिळू शकते. निकाल लागताच इतर प्रयोगशाळांनी स्वस्त चाचण्या जाहीर केल्या.

हा विजय म्हणून साजरा झाला, पण तो अर्धाच होता. मक्तेदारीच्या काळात हजारो रुग्णांच्या रक्तातून जमलेली विदा, म्हणजे जनुकांतल्या बदलांच्या नोंदी, कंपनीकडेच राहिली. सार्वजनिक संग्रहात भर घालणे तिने २००४ च्या सुमारासच थांबवले होते, आणि ही विदा उघडी करायला निकालाने भाग पाडले नाही. जनुकातला कुठला बदल घातक आणि कुठला निरुपद्रवी, हे अशा साठ्याशिवाय ठरत नाही.

भारतीय रुग्णांना याची झळ वेगळ्या वाटेने बसते. उपलब्ध संग्रह मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे. त्यामुळे आपल्याकडच्या रिपोर्टांवर ‘व्हीयूएस’, म्हणजे अर्थ अनिश्चित असलेला बदल, असा शेरा जास्त वेळा येतो. पुढे वर्गवारी बदलते तेव्हा यातले बहुतेक बदल निरुपद्रवी निघतात. म्हणूनच केवळ या शेऱ्यावर स्तन किंवा बीजांडकोश काढण्याचा निर्णय घेऊ नये, असे मार्गदर्शक सूचना सांगतात.