होळीआधी बागेची मुळं सांभाळा

'होळी जळाली, थंडी पळाली' ही म्हण ठाणे-नवी मुंबईच्या बागांना तंतोतंत लागू पडते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला इथला रात्रीचा पारा 17-18 अंशांच्या आसपास असतो आणि मार्चमध्ये दुपारी तो अनेकदा 35 ओलांडतो. वसंत म्हणून हाती येतात ते मधले पाच-सहा आठवडेच. एवढ्या काळात मुळं खोल गेली तर उन्हाळा निभतो. नाही गेली, तर मे महिन्यात कितीही पाणी ओता, हिरवळ पिवळीच राहते.

आपल्याकडच्या हिरवळीत बर्म्युडा म्हणजे हरळीच्या कुळातलं गवत, कोरियन कार्पेट ग्रास किंवा पास्पालम असतं. ही सगळी उष्ण हवेतली गवतं. थंडीत ती मरत नाहीत, वाढ मात्र मंदावते. रात्री उबदार होऊ लागल्या की नवे फुटवे आणि नवी मुळं फुटतात. त्यामुळे डिसेंबरच्या थंडीत भरपूर खत टाकण्यात अर्थ नसतो. ते गवताच्या आधी तणाला मिळतं किंवा पाण्याबरोबर वाहून जातं. जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीचा मध्य, हा योग्य काळ.

पहिलं काम मातीचं. पावसाळ्यात इथे 2000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. थेंबांच्या माराने लाल मातीतले बारीक कण सुटून खालच्या पोकळ्यांत बसतात आणि वरून माणसांच्या पायांनी माती दाबली जाते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि नेमकी तीच मिळेनाशी होते. तपासायचं असेल तर दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा 5 सेंटिमीटर खोल दाबून बसवा, एकदा पाणी भरून मुरू द्या, मग पुन्हा भरा. पातळी 2.5 सेंटिमीटर उतरायला तासाहून जास्त लागला, तर जमीन दबली आहे असं समजा.

उपाय सोपा आहे, पण घाम काढतो. आदल्या दिवशी पाणी द्या आणि माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली असताना गार्डन फोर्क 8-10 सेंटिमीटर खोल खुपसा, किंचित मागेपुढे हलवा आणि बाहेर काढा. दर 10-15 सेंटिमीटरवर हेच. चिखल असताना हे केलं तर भोकांच्या कडा लिंपल्यासारख्या घट्ट होतात आणि केलेलं काम वाया जातं. खिळे लावलेल्या चपला घालून चालण्याचा फारसा उपयोग नाही. खिळा बारीक असतो, आणि माणसाचं वजन आजूबाजूची माती आणखी दाबतं.

त्यानंतर भोकांत मिश्रण भरायचं: दोन भाग रेती, एक भाग चाळलेली लाल माती, एक भाग चाळलेलं कंपोस्ट. थर 5 मिलिमीटरपेक्षा जाड नको, पात्यांची टोकं वर दिसलीच पाहिजेत. 10 चौरस मीटरला 50 लिटर, म्हणजे साधारण पाच बादल्या मिश्रण पुरतं. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली रेती वापरणार असाल तर आधी धुऊन तिची भुकटी काढा, नाहीतर ती सिमेंटसारखी बसते. खाडीची रेती नकोच, तिच्यात मीठ असतं.

सोसायटीत ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट तयार होत असेल तर उत्तम, पण ते पिकलेलं आहे का हे पाहून घ्या. वाटीभर कंपोस्ट ओलं करून त्यात मेथीचे 20 दाणे पेरा. तीन-चार दिवसांत बहुतेक दाणे रुजले तर वापरा. अमोनियाचा उग्र वास येत असेल किंवा दाणे कुजले, तर अजून महिनाभर ठेवा. कच्च्या कंपोस्टमधले जिवाणू आपलं काम पुरं करण्यासाठी मातीतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन ओढून घेतात. खत घालूनही गवत पिवळं पडतं, त्यामागे अनेकदा हेच असतं.

घोडबंदर रोडवरच्या संकुलांत पुष्कळ हिरवळी पार्किंगच्या स्लॅबवर असतात. तिथे दर वर्षी मातीचा नवा थर चढवायची सवय धोक्याची आहे. 10 सेंटिमीटर ओल्या मातीचं वजन प्रत्येक चौरस मीटरला 180-200 किलो भरतं. तिथे माती वाढवू नका, आहे ती सुधारा, आणि निचऱ्याच्या जाळ्या उघडून त्यांत शिरलेली मुळं काढून टाका.

कापणीत एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त घेऊ नका. निम्म्याहून जास्त पातं एकदम उडवलं की मुळांची वाढ काही दिवस थांबते, कारण त्यांना लागणारी साखर पात्यातच तयार होते. मशीनचं पातं बोथट असेल तर गवताची टोकं फाटून पांढुरकी दिसतात; म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच मशीनला धार लावून घ्या. नवे फुटवे दिसले की 10 चौरस मीटरला 50 ग्रॅम युरिया 10 लिटर पाण्यात विरघळवून झारीने सारखा शिंपडा आणि लगेच साधं पाणी द्या. कोरडे दाणे पात्यावर राहिले तर ते पेशींतलं पाणी ओढून घेतात आणि तिथे जळका डाग पडतो.

हिरवळीत लव्हाळा हे तण असेल तर नुसता उपटून भागत नाही. जमिनीखाली त्याच्या गाठी माळेसारख्या जोडलेल्या असतात. वरचा कोंब सक्रिय असेपर्यंत मागच्या गाठी बऱ्याचशा झोपलेल्या राहतात. कोंब तोडला की त्या जाग्या होतात आणि एकाच्या जागी तीन उगवतात. खुरप्याने 15 सेंटिमीटर खोल जाऊन गाठीसकट काढा, दर आठवड्याला. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही.

पाण्याचा हिशेब सोपा आहे: 1 मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर. मार्चमध्ये रोज सुमारे 5 मिलिमीटर उडून जातं. रोज थोडं शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा चौरस मीटरला 15 लिटर पहाटे द्या, म्हणजे मुळं पाण्याच्या मागे खाली जातील. स्लॅबवरच्या उथळ मातीत मात्र कमी पाणी, पण जास्त वेळा. वाशी, ऐरोली, सीवूड्ससारख्या खाडीकाठच्या भागांत बोअरचं पाणी टीडीएस मीटरने, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राने तपासा. लिटरला 450 मिलिग्रॅमपर्यंत चिंता नाही. 2000 च्या पुढचं पाणी बहुतेक झाडांना मारकच.

कुंड्यांचं काम तुलनेने थोडं. रोप अलगद काढून पाहा. मुळं कडेने गोल फिरली असतील तर बाहेरचा 2 सेंटिमीटर थर सुरीने कापा आणि 5 सेंटिमीटर मोठी कुंडी घ्या. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आधी दोनदा धुवा. मातीवर पांढरी खपली दिसली तर ती खरवडून कुंडीच्या दुप्पट आकारमानाचं गोडं पाणी हळूहळू आरपार जाऊ द्या.

मोगऱ्याला फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून तो फेब्रुवारीच्या आरंभी निम्म्याने छाटा आणि कंपोस्ट द्या. कुंदाचा बहर संपल्यावर त्याची छाटणी करा. बहरात असलेल्या बोगनवेलीला आणि मोहोरलेल्या आंब्याला कात्री लावू नका. जास्वंदीवर याच काळात पिठ्या ढेकूण वाढतो आणि मुंग्या त्याला जपतात. लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रवसाबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा, आठवड्याच्या अंतराने तीनदा. दुपारच्या उन्हात तेलाने पानं करपतात.

शेवटी आच्छादन. या दिवसांत आवारात बदामाच्या पानांचा खच पडतो आणि तो पेटवून दिला जातो. तो जाळू देऊ नका. मात्र बदामाची अख्खी पानं ताटलीसारखी पसरतात आणि पाणी मातीपर्यंत पोचू देत नाहीत, म्हणून ती चुरून घ्या. 5 सेंटिमीटर थर द्या आणि खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर साल सतत ओली राहून कुजते.